गिलासावर गिलास

दगडोबानं पिशवीतून स्टीलचे दोन गिलास काढले. एक टेबलावरच्या कॉम्प्युटरवर पालथा घातला, त्याच्या बुडावर दुसरा उभा केला आणि म्हणाला, "आता करा चालू."

दुकानदार ताहेरनं गिलासांकडं पाहिलं, मग दगडोबाच्या पोराकडं, बालाजीकडं पाहिलं. बालाजी छताकडं पाहत होता.

"आबा, इथं नको ना."

"घरी नेल्यावर बघून काय करू?"

भूकंपानंतर वसलेल्या त्यांच्या नव्या गावात एके काळी घरोघरी असे गिलास होते. जमीन हलली की वरचा पडतो, आवाज होतो, माणूस बाहेर पळतो. पुढं बाकीच्यांनी आपापले गिलास पाणी प्यायला परत घेतले. दगडोबाच्या घरी मात्र ते अजून फ्रिजवर होते, टीव्हीवर होते, देव्हाऱ्यावरही होते. वॉशिंग मशीन त्यांच्यापायीच परत गेलं होतं.

ताहेरनं बटण दाबलं. रेडीमेड गेमिंग कॉम्प्युटर. एका बाजूला काच, आत वरातीच्या गाडीसारखे लाल-निळे दिवे. गिलास हलले नाहीत.

"हाच द्या."

"मामा, मला दोन्ही सारखेच. पण खरं सांगू? ह्याच्यात वरून दिवे, आतून हलका माल. बालाजी जे सुटे पार्ट घेऊन राहिला, ते एक नंबर हायत. जोडलेला जिंदगीभर हलणार न्हाई."

"जोडणार कोण?"

"मी," बालाजी म्हणाला.

डॉक्टर व्हायची परीक्षा त्यानं तीनदा दिली होती. लातुरात येऊन त्यानं क्लास बदलले, होस्टेल बदललं, मार्क तेवढे कायम राहिले. एवढ्या काळात त्याच्या हातून एकच काम नीट झालं होतं: होस्टेलचा मेलेला कॉम्प्युटर त्यानं उठवून बसवला होता. ही बातमी त्यानं घरी निकालासारखी सांगितली. घरच्यांनीही ती निकालासारखीच ऐकली. पुढच्या क्लासची फी किती, एवढंच विचारलं.

"एकदा जोडू तर द्या," तो म्हणाला. "तुमचेच गिलास ठेवा. पडले तर रेडीमेड घेऊ. आन् मी गुमान पुन्हा क्लासला बसतो."

दगडोबा स्टुलावर बसला. ह्याचा अर्थ हो.

बालाजीनं खिशातून स्वतःचा पेचकस काढला. परीक्षेत उत्तरांचे गोल भरताना त्याची शाई गोलाबाहेर जायची. इथं एकही स्क्रू खाचेबाहेर गेला नाही. एकेक पार्ट तो बसवत गेला आणि प्रत्येक स्क्रू आवळल्यावर अंगठ्यानं दाबून पाहत गेला. दगडोबा त्या अंगठ्याकडं बघत राहिला. जुन्या गावातल्या घराचा एकेक दगड त्यानं असाच दाबून पाहिला होता.

पंखे फिरले. स्क्रीन उजळली. दगडोबानं उठून गिलास ठेवले.

"बगा मामा!" ताहेर म्हणाला. "हलला का जरातरी?"

"माझं घरबी तवर कधी हललं नव्हतं," दगडोबा म्हणाला. "ह्या हातांनी रचलं होतं. दोन हात जाड भिताडं. दुसऱ्या गावचे लोक बगाया यायचे."

ताहेरनं स्पीकरचा आवाज कमी केला. स्पीकर बंदच होता, पण काहीतरी करणं भाग होतं.

बालाजी खाली बघत वायरी गुंडाळू लागला. भूकंपात तेच घर पडलं होतं आणि त्यात त्याचा थोरला भाऊ गेला होता. त्याला त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तो बालाजीच्या जन्माआधीचा.

दगडोबानं जोडलेल्या डब्यावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.

"बरा जोडलास," तो म्हणाला.

बालाजीनं वर पाहिलं. तो हसणारच होता, तेवढ्यात दुकानासमोरून बोअरची गाडी गेली. पाइपांनी लादलेली, खड्ड्यात आदळत. टेबल थरथरलं. वरचा गिलास पडला.

तो फरशीवर घरंगळायचा थांबला, तोवर दगडोबा रस्त्याच्या मधोमध उभा होता. त्याच्या मुठीत बालाजीचं मनगट होतं. बालाजीच्या दुसऱ्या हातात पेचकस होता.

बाकी कुणी पळत नव्हतं. समोर तीन क्लासचे तीन बोर्ड होते आणि तिन्हींवर एकच टॉपर हसत होती. नुकतीच बॅच सुटली होती. हे दोघे एकामागं एक उभे दिसल्यावर एक मुलगी येऊन त्यांच्या मागं थांबली. तिच्या मागं आणखी दोघं आले. त्यांनी पाठीवरची दप्तरं पोटावर घेतली आणि पुस्तकं काढली.

"दादा, ही रांग कशाची?" मुलीनं विचारलं.

"रिपीटर बॅचची," बालाजी म्हणाला.

ताहेर दारात आला. "ओ मामा! गाडी होती, गाडी! तुमचा कॉम्प्युटर ठणठणीत हाय. कोणता पॅक करू?"

दगडोबा ताहेरच्या डोक्यावरचा स्लॅब बघत होता. बालाजीनं आपल्या मनगटाकडं पाहिलं. आबांची बोटं पांढरी पडली होती. त्यानं पेचकस खिशात टाकला.

"रेडीमेड," तो म्हणाला.

मग तो दुकानाकडं वळला. "थांबा आबा. गिलास आत राहिलेत, घेऊन येतो."

मूठ सुटली नाही.

"राहू दे," दगडोबा म्हणाला. "सामानापायी परत आत जायाचं नसतं. थोरल्यालाबी म्या हेच वरडून सांगितलं होतं."