सिंथ पेडल

आळेफाट्याच्या ऑर्केस्ट्रा पार्टीत प्रबुद्ध चार वर्षं बेस गिटार वाजवत होता, पण एकाही हळदीत ती कुणाला ऐकू गेली नव्हती. म्हणून पुण्यातल्या दुकानदाराचं दिवसभर डोकं खाऊन, नऊ पेडलं दाबून बघून त्यानं एक सिंथ पेडल निवडलं. पाय ठेवला की गिटारीतून चक्क कीबोर्ड बोलायचा.

निमगाव सावाच्या हळदीत त्यानं ते दाबलं आणि पार्टीचे मालक पोपटभाऊ पहिल्यांदाच त्याच्याकडं वळून बघत राहिले.

“लई भारी,” परतताना जीपमध्ये गिटारीशेजारी अंग चोरून बसत ते म्हणाले. “पर ह्यो आवाज तर आपला कीबोर्डवाला डाव्या हातानं काढतो की.”

“डिट्टो तसाच, भाऊ. पारखूनच घेतलाय,” प्रबुद्ध छाती फुगवून म्हणाला.

“बरं झालं. उद्यापासून जीपमदी आमी जरा ऐसपैस बसू.”