साडूचं गाणं आणि माझं आतडं

माझं मोठं आतडं काढायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त रडली ती माझी मेव्हणी. आतड्याला कायमची सूज, त्यातून रक्त जायचं, आणि दुखणं कुठल्याच औषधाला दाद देईना. "आतडं काढलं की हा आजारच संपला," सर्जन म्हणाले. "मळ जमा व्हायला पोटावर एक पिशवी राहील, पण सारखं उठून संडासकडे पळणं बंद."

त्या पळण्यावरच तर आमचं घर तग धरून होतं. साडू दर रविवारी पेटी घेऊन येतो आणि गायला बसतो. सूर लागल्याशिवाय थांबत नाही. आणि सूर काही लागत नाही. मी पोट धरून उठलो, की मला सांभाळायला बायको उठायची, तिच्यामागे पाणी घेऊन सासूबाई आणि टॉवेल घेऊन मेव्हणी. साडूची सख्खी बायको, पण एक टॉवेल द्यायला अर्धा तास लावायची.

ऑपरेशन छान झालं. अंगाला अन्न लागलं, गाल वर आले. साडूला तर आनंद मावेना. "आता ऐका निवांत," म्हणत त्याने पेटी उघडली. पहिला आलाप संपला, दुसरा सुरू झाला. मी एकदाही न उठता बसलो होतो आणि बाकी सगळे गाणाऱ्याकडे न बघता माझ्या पोटाकडे बघत होते.

शेवटी मेव्हणी माझ्या कानाशी वाकली.

 

"भावजी, पिशवी भरली म्हणा ना."