बाद बाटली

टेकडीवरची हवा तपासणीसाठी बाटलीत भरताना श्वास रोखून धरायचा, हा बाबांच्या नोकरीतला पहिला नियम. पण त्या दिवशी हट्टाने सोबत आलेली त्यांची चिमुरडी पार कड्याशी गेली आणि ऐन वेळी बाबांच्या तोंडून निघालंच, "अगं, जपून!"

प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइडचा आकडा साडेतीनशेच्या आसपास यायचा, तो आला चारशे पंचवीस. साहेब खवळले, "श्वास सोडलात ना बाटलीत? अशी हवा जगाच्या पाठीवर कुठेच नसते!" बाटली बाद झाली. बाबांनी ती घरी आणून कपाटावर ठेवली आणि पुढे कायम लेकीला चिडवत राहिले, "तुझ्यापायी बोलणी खाल्ली मी!"

बाबा गेले. त्या बाटलीनंतर तीस वर्षांनी, त्यांच्याच कामावर लागलेली लेक आज त्याच कड्याशी उभी राहिली. आसपास चिटपाखरूही नव्हतं. छाती दुखेपर्यंत श्वास रोखून तिने बाटली भरली आणि प्रयोगशाळेत येऊन एकटीच यंत्रासमोर बसली.

आकडा उमटला, चारशे पंचवीस, हल्ली जगभरच्या मोकळ्या हवेत येतो तोच, आणि तिच्या पाठीमागून कुणीतरी कळवळून म्हणालं, "अगं, जपून!"