राक्षसाची कुऱ्हाड

आमच्या रविवारच्या खेळात गोष्ट नवरा रचतो आणि आम्ही दोघी बहिणी फासे टाकून त्यात लढतो. राक्षस मेला, तेव्हा त्याची जादूची कुऱ्हाड नवऱ्याने माझ्या धाकटीला दिली. वर तिच्या कानात काहीतरी कुजबुजला. दोघं हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तेव्हापासून बाईसाहेबांचं एकच चाललेलं. "ताई, तुझं धनुष्य काय भारी आहे गं! ताई, तुझी ढाल मला दे ना!"

नुसती जखमेवर मीठ चोळत होती. शेवटी मी फासे आपटले. "सगळं चांगलं तिलाच देतोस. कानगोष्टीसुद्धा!"

"अगं, ती कुऱ्हाड शापित आहे," नवरा म्हणाला. "जिच्या हातात ती, तिला दुसऱ्याकडचंच चांगलं दिसतं. शाप कानातच सांगायचा आणि तिने तो कुणाला न सांगता निभवायचा, असा नियम आहे."

"नाहीतर तुझं ते जुनाट धनुष्य कोण मागतंय, ताई!" धाकटी खिदळली.

नवऱ्याने टेबलाखाली गेलेला फासा उचलून माझ्यापुढे ठेवला.

"पण कुऱ्हाड तर तिच्या हातात होती. तुला काय झालं?"