सानिकाची रायफल

दुकानदाराने तिसरा बायपॉडही सुयशच्याच हातात ठेवला.

"हा हलका आहे," तो डचमध्ये म्हणाला. "शंभर युरोच्या आतला हाच चांगला. तुमच्या उंचीला बरोबर पडेल."

सुयशने रायफलीखाली लावायच्या त्या टेकूचे, बायपॉडचे, दोन्ही पाय उघडले, मिटले, पुन्हा उघडले आणि जाणत्यासारखी मान डोलावली. शेजारी उभ्या सानिकाच्या कानशिलं तापली. रायफल तिची होती. परवाना तिच्या नावावर होता. आइंडहोवनच्या कंपनीत दिवसभर भिंगांची मापं घेऊन ती वर्षभर दर मंगळवारी शिकारीच्या कोर्सला जाऊन बसली होती. पक्षी, जनावरं, कायदे, सगळं डचमध्ये पाठ केलं होतं. सुयशही तिच्याबरोबर जायला लागला होता, पण तिसऱ्याच आठवड्यात त्याने कोर्स सोडला. आज तो फक्त गाडी चालवायला आला होता.

"दोन्ही पाय वेगवेगळे लांब करता येतात का?" तिने विचारलं. "मी बांधावर पालथी झोपते. तिथे उतार असतो."

"येतात, मेनेर," दुकानदार सुयशकडे बघून, त्यालाच साहेब म्हणत, म्हणाला. "आणि रायफल डावी-उजवीकडे कलतेही. उतारावर तेच लागतं तुम्हाला."

सुयशने लगेच एक पाय लांब करून बघितला.

सानिकाने दात आवळले. तिला संगमेश्वरजवळचं घर आठवलं. भातात रानडुकरं शिरायची म्हणून तिच्या वडिलांनी, नीळकंठरावांनी, परवान्याची बंदूक ठेवली होती. नेम धरायला शिकवा म्हणून ती बारा वर्षांची असताना त्यांच्या मागे लागली होती. त्यांनी बंदूक तिच्या आतेभावाच्या हातात दिली आणि तिला चहा आणायला आत पाठवलं. आतेभावाची गोळी पुढ्यातल्या नारळाच्या झाडालासुद्धा लागली नव्हती.

"कॉफी घेणार का, मेफ्राउ?" दुकानदाराने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "तिकडे खुर्ची आहे. आमचं जरा लांबेल."

सानिकाने काउंटरवर तळहात आपटला. काचेखालच्या सुऱ्या खणखणल्या.

"रायफल माझी आहे!" ती ओरडली. "परवाना माझा आहे. प्रश्न मी विचारतेय आणि उत्तरं तुम्ही ह्याला देताय! बाई दुकानात आली की तिला कॉफी पाजायची, एवढंच कळतं का तुम्हाला? ह्याने आयुष्यात एक गोळी झाडलेली नाही!"

काडतुसं बघत असलेलं एक गिऱ्हाईक मुकाट्याने बाहेर निघून गेलं. दुकानदार साठीचा, लालबुंद गालांचा माणूस होता. त्याचे गाल आणखी लाल झाले. पण त्याने नजर खाली घातली नाही. तो गोंधळून एकदा तिच्याकडे, एकदा सुयशकडे बघत राहिला.

"माफ करा, मेफ्राउ," तो म्हणाला. "पण गुरुवारी ह्यांनीच फोन केला होता. माझ्या रायफलला बायपॉड हवाय, म्हणाले. बायकोही बरोबर येईल, म्हणाले. गेल्या महिन्यात मक्याच्या शेतात मारलेल्या डुकराची सगळी गोष्ट सांगितली."

"कुठली गोष्ट?"

"दोन तास बांधावर पडून राहिले, पायांना मुंग्या आल्या, तरी हलले नाहीत. एका गोळीत डुक्कर पडलं. आणि मग मातीत बसून रडले." दुकानदाराचा आवाज खाली आला. "मी चाळीस वर्षं हा धंदा करतोय. असं कबूल करणारा शिकारी मला भेटला नव्हता. म्हणून लक्षात राहिलं."

सानिका सुयशकडे वळली. ते रडणं तिने जगात एकाच माणसाला सांगितलं होतं. घरी आल्यावर, बूटसुद्धा न काढता, स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून. तेव्हा त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला होता आणि एकेक गोष्ट खोदून खोदून विचारली होती. वारा कुठून होता, डुक्कर केवढं होतं, आधी काय हललं. किती मायेने ऐकतोय हा, असं तिला वाटलं होतं.

"सानिका, ऐक ना," सुयश मराठीत म्हणाला. "बोलता बोलता निघून गेलं तोंडातून."

"रडणंसुद्धा?"

तो हातातल्या बायपॉडकडे बघत राहिला. सानिकाचा आवाज आता अजिबात चढला नाही. त्यामुळे तो जास्त घाबरला.

"हा लावून दाखवा," तिने दुकानदाराला सांगितलं.

दुकानदाराने गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेली निकामी रायफल काढली. तिला बायपॉड बसवला आणि कोपऱ्यातल्या हिरव्या गालिच्यावर ती दोन पायांवर उभी केली. समोरच्या भिंतीवर हरणाचं मोठं चित्र होतं.

"झोप," सानिका म्हणाली.

"इथे? अगं, लोक बघतायत."

"मातीत बसून रडलास ना? इथे तर गालिचा आहे."

सुयश खाली बसला, मग हळूहळू पालथा झाला. त्याचा शर्ट पाठीवर वर सरकला. त्याने रायफलचा दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला आणि रायफलवरच्या दुर्बिणीला डोळा लावला. सानिका त्याच्या डोक्याशी उभी राहिली.

"काय दिसतंय?"

सुयशने बराच वेळ नेम धरला. श्वास रोखला. दुकानदारही वाकून बघत होता.

"मस्त," सुयश शेवटी म्हणाला. "एकदम स्पष्ट. हरणाच्या कानावरचे केससुद्धा दिसतायत."

सानिका खाली वाकली आणि तिने दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरचं काळं झाकण काढलं.