सरकारशी एकनिष्ठ

"अंगठा माराले अक्कल लागते का बे?" रंगराव कोतवालावर खेकसले. "जाय, मनकर्णेले बोलावून आन."

पिंपळगाव राजाच्या चावडीत चौकशीचा जमादार बसला होता. लष्कराच्या दारूगोळ्याच्या डेपोला भाजीपाला पुरवायचा ठेका रंगरावांना मिळाल्यातच जमा होता, अडलं होतं ते पोलिसांच्या दाखल्यावाचून. चीनच्या लढाईपासून त्या फाटकातून बिनदाखल्याचं चिटपाखरू आत जात नव्हतं. पन्नास एकरांचा मालक, अन् त्याची चालचलन हा शिपुर्डा ठरवणार! रंगरावांच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

"खामगावहून जुनं दप्तर आलं का?" त्यांनी जमादाराला तिसऱ्यांदा विचारलं.

"आलं नं. बेचाळीसचंही आलं."

रंगरावांनी कपाळ पुसलं. बेचाळीसात तारा तोडणाऱ्यांत ते होते, हे गावाला पाठ होतं. दर पंधरा ऑगस्टला तेच ऐकवत. "सरकारविरुद्धचं काही निघालं का त्यात?"

"काहीच नाही. उलट तवाचा इंग्रज साहेब चांगलंच लिहून गेला. तुमचा साक्षीदार आला, का झालं काम."

रंगराव दाराशी जाऊन मनकर्णेची वाट पाहू लागले.

शंकरराव मास्तर समोरच राहत होता, पण तो दीडशहाणा. अक्षर न् अक्षर वाचल्याबिगर सही करायचा नाही. त्यापेक्षा मनकर्णाबाई बरी. तिचा नवरा निवृत्ती बेचाळीसात पकडला गेला आणि तुरुंगातच मेला. तेव्हापासून ती रंगरावांच्या मळ्यात वांगी तोडत होती आणि त्यांना देवमाणूस म्हणत होती. कागद उलटा धरला तरी तिला कळलं नसतं.

"बाई?" कोतवालामागून आत आलेल्या मनकर्णेकडं बघत जमादारानं विचारलं.

"देशासाठी मेलेल्याची बायको हाय. इच्याहून मोठा साक्षीदार कुठं भेटंल तुमाले?"

मनकर्णाबाईनं पदर सावरला, अंगठा पुढं केला. "दादासाठी कुठंही मारतो मी अंगठा," ती म्हणाली.

"थांब माय. वाचून दाखवल्याबिगर घेता येत नाही."

"काऊन उगाच वेळ घालवता?" रंगराव उठलेच. "इले काय समजते?"

"कायदा हाय, रंगरावजी." जमादारानं चष्मा चढवला आणि तो दाखल्याचा कागद वाचू लागला. "सदर इसम सरकारशी एकनिष्ठ आहे. सन एकोणीसशे बेचाळीसमध्ये फरारी निवृत्ती मळ्यातल्या विहिरीत लपल्याची खबर याच इसमानं स्वतः ठाण्यात येऊन दिली. सबब भरवशाचा आहे."

मग त्यानं शाईची डबी पुढं सरकवली.

"समजलं का, माय?"