पायाळू जाऊ

अबोला धरायला कारण लागत नाही. सोडायला मात्र निमित्त लागते, आणि ते मागण्याचा संकोच वार्धक्यात अधिकच वाढतो.

खुटबावात एकट्या राहणाऱ्या चांगुणाबाईंचा उजवा घोटा मुरगळला. आंबेहळदीच्या लेपाने सूज उतरेना. पायांकडून जन्मलेल्या माणसाने तीन सकाळी दुखऱ्या जागेवरून आपला पाय फिरवला की मुरगळा जातो, अशी तिथली श्रद्धा. आणि गावात पायाळू एकच, शेजारची धाकटी जाऊ तुळजाबाई. दोघींत बारा वर्षे शब्द नव्हता. तरी निरोप मिळताच तुळजाबाई आल्या. थोरलीला पाय लावायचा म्हणून आधी वाकून नमस्कार केला, पाय फिरवला, मुकाट्याने गेल्या.

तिसऱ्या सकाळी त्यांनी विचारले, "उतरलं का, आक्का?"

"न्हाई गं. लई ठणकतंय. उद्याबी ये."

चौथ्या सकाळी चांगुणाबाईंनी चहा उतरवला, लगबगीने येऊन बसल्या आणि पाय पुढे केला. तो डावा होता.

तुळजाबाईंनी क्षणभर पाहिले, नमस्कार केला आणि त्याच पायावरून हळुवार पाय फिरवला.

"दुखणं मुरलेलं हाय, आक्का. रोजच यावं लागंल मला."

ईश्वर दोघींना उदंड आयुष्य देवो, आणि त्या घोट्याला सावकाश गुण येवो.